आधी मराठीत, मोठ्यानं

—नाही भावोजी, असं पुटपुटून चालणार नाही, आणि दार उघडंच राहू दे, आतल्या खोलीत आई आडव्या झाल्यात म्हणून काय झालं, माझ्या क्लासचा आवाज ऐकतच त्यांची दुपार जाते. उद्या तुमची इंग्रजीची तोंडी परीक्षा, परदेशातल्या नोकरीसाठी, आणि पास्ट परफेक्टची अजून बोंब — म्हणून तर वहिनीची पायरी चढलात, नाहीतर वर्षभर फिरकला नव्हतात. बसा. सोपं आहे. भूतकाळात दोन गोष्टी घडल्या, त्यातली जी आधी उरकली तिला हॅड लावायचं, संपलं. पण गाडी सुटली होती, पाऊस थांबला होता, ही पुस्तकातली पोपटपंची मी घेत नाही. स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य पाहिजे, आधी मराठीत, मोठ्यानं, मग इंग्रजीत — एवढीएवढीशी पोरं करतात, तुम्हाला काय धाड भरलीय?

सुचत नाही? मी देते. हॉस्पिटलचं घ्या. तुम्ही पोचलात, आणि तुमचे दादा गेले — आधी काय झालं? खाली बघू नका, मी फरशीला नाही विचारलं. फोन बंद करून कुठे होतात तेही विचारत नाही. पण आईंना काय सांगितलंत? दादानं माझ्या मांडीवर प्राण सोडला, वहिनी तेव्हा क्लास घेत बसली होती — हेच ना? तेव्हापासून ती माउली माझ्या हातून पाणी घेतानासुद्धा तोंड फिरवते. मी गप्प का बसले? त्या दिवशी बोलायचं त्राण नव्हतं, आणि नंतर बोलले असते तर सुनेचा कांगावा झाला असता. मला तुमच्याच तोंडून हवं होतं. वाट बघत होते, खोटं कशाला सांगू, तुम्ही कधीतरी सापडाल म्हणून रोज वाट बघत होते. तेव्हा बोला, नाहीतर उठा, आणि उद्या त्या साहेबांपुढे ततपप करा.

मोठ्यानं. अजून मोठ्यानं — 'मी पोचलो तेव्हा दादा गेला होता.' बरोबर. आता इंग्रजीत — आई, तुम्ही कशाला उठलात, भिंतीला धरा. हो, ऐकलंत ते खरं. मी होते जवळ. सकाळपासून मीच होते, त्यांचा हात माझ्या हातात होता. शेवटी काय म्हणाला, म्हणता? काही नाही हो, शुद्ध कुठे होती — नका ना विचारू. 'धाकटा आला का', एवढंच. परत परत तेच, माझ्याकडे बघून, मी कोण हे न ओळखता. मग मी म्हटलं, आलाय, हा काय, तुमच्याजवळच बसलाय — आणि हात तसाच धरून ठेवला. धाकटा होऊन. तेव्हा कुठे डोळे मिटले त्यांनी. माझं नाव एकदाही नाही.

हे सांगायचं नव्हतं मला. भावोजी, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. आई, सोडा त्यांना. माझी पुढची बॅच यायची आहे.