दुसरं वजन

मॅडम : ...अगं, उभी का? त्या खुर्चीवरच्या बरण्या खाली ठेव आणि बस. हळू! नदीतला गाळ आहे. सांडलास तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

मुलगी : ठेवल्या. मॅडम, बाकीचे सगळे जेवायला गेलेत का?

मॅडम : बाकीचे कोण?

मुलगी : तुमच्या संशोधन गटातले. वेबसाइटवर फोटो आहे ना, सगळे गुडघाभर चिखलात उभे राहून खो खो हसताहेत. तो बघूनच तर मी अर्ज केला.

मॅडम : आणि मला वाटलं, माझे शोधनिबंध वाचून केलास!

मुलगी : तेही वाचले. पण आधी फोटो बघितला. खरं सांगते.

मॅडम : बरं झालं खरं बोललीस. आता माझं ऐक. तो फोटो जुना आहे. ती उंच मुलगी परदेशी गेली, चष्मेवाला कॉलेजात शिकवतो, आणि कडेचा तो टोपीवाला, त्यानं सगळं सोडून मधमाश्या पाळल्यात. गट म्हणजे आता मी एकटी.

मुलगी : मग वेबसाइटवर त्यांची नावं अजून का ठेवलीत?

मॅडम : काढायला बसते अधूनमधून. हात धजत नाही.

मुलगी : पण काम तर चालू आहे. केवढ्या बरण्या आहेत!

मॅडम : आहेत, पण अर्ध्याच कामाच्या. आमच्याकडे रीत आहे, प्रत्येक नमुना दोघांनी वेगवेगळा तोलायचा. एकमेकांचा आकडा बघायचा नाही. जुळले तरच धरायचे. आता दुसरं माणूस कुठून आणू? शेजारच्या गटातली पोरं एकदा आली, दोनदा आली. रोज कोण येणार? मग मीच सकाळी एकदा तोलायला लागले, संध्याकाळी एकदा. पण मेलं सकाळचं वजन डोक्यात राहतं ना! स्वतःपासून लपवायचं कसं?

मुलगी : मग मी आहे की! मला घ्या. आजपासून तोलते.

मॅडम : नाही घेत.

मुलगी : का? माझ्यात काय कमी आहे?

मॅडम : तुझ्यात काही कमी नाही गं. इथे माणसं कमी आहेत. अर्जात काय लिहिलंस? चार लोकांत बसून काम करायचंय म्हणून.

मुलगी : हो. एम.एस्सी.चा प्रबंध मी एकटीनं खोलीत बसून केला. दिवसभरात तोंड उघडायचं ते दुकानात, पिशवी नको म्हणायला. एकदा आईचा फोन आला आणि माझा आवाजच फुटेना. घाबरले मी, मॅडम.

मॅडम : तेच म्हणते मी. आता दुसरी गोष्ट, तुझ्यापासून लपवणार नाही. यंदा कुणी विद्यार्थी आला नाही तर विभाग हा गट बंद करणार आहे. खोलीही जाईल. तुझा अर्ज आला त्या दिवशी वेड्यासारख्या सगळ्या खुर्च्या पुसल्या मी.

मुलगी : मग तर घ्याच ना मला!

मॅडम : आणि माझी खोली वाचावी म्हणून तुला इथे डांबून ठेवू? दिवसभर या म्हातारीचं तोंड बघत बसशील. शेजारच्या सरांशी बोलले मी. त्यांच्याकडे एक जागा आहे, गाळाचंच काम आहे. माणसं भरपूर, गोंधळही भरपूर. तुझ्यासाठी थांबलेत ते.

मुलगी : म्हणजे तुम्ही आधीच ठरवलंत?

मॅडम : ठरवलं. सोपं नाही गेलं.

मुलगी : मला रडू येतंय.

मॅडम : मग रड. इथे बघायला कोण आहे?

(मुलगी डोळे पुसते. उठून तराजूपाशी जाते.)

मुलगी : जाण्याआधी एक बरणी तोलू? तुमचा आकडा सांगू नका.

मॅडम : ...तोल.

मुलगी : बेचाळीस पूर्णांक सहा दशांश ग्रॅम.

मॅडम : जुळलं.

मुलगी : खरंच? की मला बरं वाटावं म्हणून?

मॅडम : वजनाच्या बाबतीत मी कुणाचं मन राखत नाही. जा आता, वाट बघताहेत ते.

मुलगी : मी येत जाईन ना मधूनमधून.

मॅडम : सगळे म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. राहू दे. एक मात्र कर.

मुलगी : काय?

मॅडम : त्यांच्या खोलीतलं हसणं भिंतीतून इथे ऐकू येतं. तुला हसू आलं, की जरा मोठ्यानं हस.