डाव्या बुटात सशाचं कातडं

हॅलो?… हॅलो, अहो, तुम्ही? सगळं ठीक ना?… मग फोन कसा केलात?… हो, पोचले याकूत्स्कला. बाजारातच आहे, अकुलीनाच्या बुटांच्या दुकानात… हो, विचारत होती, तुझा गाव्रील कसा आहे म्हणून… सांगितलं, चुलीपाशी बसलेले असतात. मग काय, खोटं सांगू?

बूट घेऊ नको?… का बरं?… अहो, ऐका ना. गेल्या हिवाळ्यात घोडी शोधायला गेलात नि डाव्या पायाची बोटं गमावून आलात. तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल नाही… माहीत आहे दुखतं ते. म्हणून तर आले ना इतक्या थंडीत.

रबरी तळाचे?… छे, आपल्याकडच्या थंडीत रबराचा दगड होतो. घसरलात तर मला उचलणं होणार आहे का?… हो, झालेय मी जाड. तरी नाही होणार.

रेनडिअरच्या कातड्याचे बघतेय. तळ नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, गुडघ्यापर्यंत उंच… नाही हो, अगदी हलके. थोडे सैलच घेते, आत जाड मोजे मावले पाहिजेत. घट्ट बुटात ऊब राहत नाही, तुम्हीच सांगायचात मुलांना… डावा ना? त्याचंही विचारलं. पुढे जागा रिकामी राहील, तिथे अकुलीना सशाच्या कातड्याची गादी शिवून देतेय. पाय पुढे सरकायचा नाही.

अहो, कोण बघतंय तुमच्या चालण्याकडे?… येगोर हसला? कधी?… थांबा. शेजारच्या येगोरने तुम्हाला पाहिलं कुठे?

बाहेर?… आज?… मी गाडीत बसले आणि लगेच?… कुठवर गेलात?… गवताच्या गंजीपर्यंत? एकटे?… पण घालून काय गेलात? जुन्या बुटात तर तो सुजलेला पाय शिरतच नाही.

माझे?

लाल मण्यांचे?… माझ्या आईने शिवलेले?…

नाही, रागावले नाही… अहो, खरंच नाही. माझे पाय मोठे म्हणून जन्मभर चिडवलंत, आज कामाला आले म्हणायचे… रडत नाही हो. दुकानाचं दार उघडं आहे, वारं येतंय.

बरं, मग? घोडी होती तिथे?… ओळखलं तिने?… बाहीत तोंड खुपसलं?… नाही, नाही, सांगा तुम्ही. ऐकतेय मी… हं… हं… आणि शिंगरू?… तुमच्यासारखं हट्टी असेल, दुसरं काय.

पाय फार दुखला का?… बसत बसत आलात? बरं केलंत. मोजे लगेच वाळत टाका. पाय चोळा, पण हळूच, आणि चुलीला लावू नका… हो, हो, तुम्हाला कळतं सगळं.

कसली घाई? येतेय मी दुपारच्या गाडीने… काय?… थांब्यापर्यंत? मला घ्यायला?… अहो, फार लांब आहे ते. एका दिवसात दोनदा…

…

बरं. या.

ऐका, काठी घ्या. मधल्या वाटेने या, कडेचा बर्फ भुसभुशीत आहे… आणि दमलात की पुढे यायचं नाही. जिथे असाल तिथेच उभे राहा. मी येते तिथवर… हो. तिथून दोघं हळूहळू…

हॅलो?… अहो?… हॅलो?… ठेवलासुद्धा फोन! आत्ताच काठी शोधायला गेले असतील.