दर शनिवारी एक चूक

नाही हो ताई, दोष तुमच्या अंगात नाही, कोटातच आहे — फिरा बरं — हं, हात मागे ओढल्यासारखे होतात ना? होणारच. उजवी बाही डावीकडे बसलीय नि डावी उजवीकडे. कुणी बसवली? मीच. चुकून? — हळू बोला हं, पोरगी आत्ताच झोपलीय कापडांच्या टोपलीत, मी सारखी बघते श्वास नीट चाललाय ना — चुकून नाही, ताई. आता तोंडातून गेलंच आहे, तर ऐका.

तो कोट घडी घालून ज्यांनी तुमच्या हातात दिला ना, त्या माझ्या शिवणाच्या बाई. मी सातवीनंतर घरी बसले होते, मला सुई धरायची कशी इथपासून त्यांनी शिकवलं. दर शनिवारी येतात, आठवड्याचं शिवण उलटंपालटं करून बघतात. आधी काय ओरडायच्या! “डोळे आहेत का बटणं लावलीयत?” मी रडायचे, उसवायचे, पुन्हा शिवायचे. मग हळूहळू चुका संपल्या — आणि बाईंचं बोलणंही संपलं. चहा घ्यायच्या, “काही अडतंय का गं?” विचारायच्या, मी म्हणायचे, “छे!” — आणि एका शनिवारी आल्याच नाहीत. दिवसभर जिन्याकडे कान लावून बसले मी. तेव्हापासून मीच मुद्दाम एक चूक ठेवायला लागले. कधी काज अर्धं बोट खाली, कधी टीप तिरकी. बाई ओरडल्या की घर भरल्यासारखं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, शिव्या खाऊन हसणारी सून पहिल्यांदाच बघतेय.

मागच्या शनिवारी तुमच्या बाह्या. एवढी ढळढळीत चूक, आंधळ्यालाही — अगंबाई, काय बोलले मी! बाईंनी कोटावरून हात फिरवला नि म्हणाल्या, “छान झालाय.” तेवढ्यात तुम्ही दारात. त्यांच्यासमोर उसवू कशी? म्हणजे एकतर त्यांना दिसत नाही, नाहीतर माझं नाटक कळलंय नि त्या कंटाळल्यात. यातलं बरं कुठलं, तुम्हीच सांगा! — आणि अडत नव्हतं असं तरी कुठंय? कॉलर कापता येत नाही मला अजून. तुमची ती जुन्या कोटावर कागद ठेवून छापलीय — हे कशाला सांगितलं मी! — पण विचारायची लाज वाटली. इतक्या वर्षांनी कसं विचारायचं? खोट्या चुका पुढे केल्या, खरी झाकून ठेवली.

ऐकलंत? जिन्यावर त्याच आहेत. पायरीपायरीला थांबतायत. काढा तो कोट, बाह्या मी गुपचूप बदलीन, परवा न्या. त्यांच्यापुढे बाह्यांचं एक अक्षर नको, शपथ आहे पोरीची — या बाई, जपून, उंबरा आहे. चहा नंतर. आधी हे कापड बघा — हाताने बघा, चालेल. कॉलर कापायचीय नि मला येत नाही. नाही बाई, नाटक नाही. आज खरंच येत नाही.

ताई, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.