विझल्यानंतरचं पाणी

लेकीच्या डब्याचं झाकण फरशीवर खणखणलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. "गप्प बस गं!" आई पुटपुटली. समोरच्या बाकावर एक शिकाऊ शिक्षिका आपल्या मार्गदर्शक बाईंना विचारत होती.

"बाई, माझ्या आजच्या सरावपाठावर सही का नाही केलीत? ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ऑक्सिजन जळला म्हणून ग्लासात पाणी चढलं, सांगितलं की!"

"पाणी मेणबत्ती जळताना नाही, विझल्यावर चढलं, हे वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरीनं हेरलं. तिला काय म्हणालीस?"

"...गप्प बस."

"हं."

"पाठाच्या टाचणात तो प्रश्नच नव्हता हो!"

"उद्या वर्गात सांग, 'मला काल त्याचं उत्तर येत नव्हतं.' मग सही."

"पोरं हसतील."

"हसू देत. मला तीस वर्षं हसतायत."

लेकीनं आईची बाही ओढली.

"आई, मग पाणी का चढलं?"