काचेची पट्टी

—थांबा, थांबा मिस्त्री, थापी ठेवा खाली. इतकी घाई कसली? भेग काही पळून जात नाही. बसा त्या स्टुलावर — त्या नको, त्यावर गिऱ्हाइकाचा कोट आहे, या इकडच्या. तुम्हाला आमच्या लेकीनंच पाठवलं ना? मला फोनवर म्हणाली, बाबा, मिस्त्री येतील, भेग भरून घ्या, आणि त्यांना बोलण्यात गुंतवू नका. आता मी कुणाला कधी बोलण्यात गुंतवलंय? शिंपी माणूस मी, दिवसभर तोंडात टाचण्या.

ती युनिव्हर्सिटीत सिव्हिल आणि एन्व्हायर्न्मेंटल शिकते. म्हणजे काय ते मला विचारू नका. तिच्या आत्यानं विचारलं होतं, तर ही म्हणाली, यंदा सांडपाणी आहे. आत्या म्हणाली, अगं, त्याला युनिव्हर्सिटी कशाला, माझी मोरी तुंबलीय, ये की! — हसताय काय, गेली होती ती खरंच, आणि मोरी मोकळी करूनच आली. घरी आली की तिला दुसरं काही दिसतच नाही हो. नळाखाली बादली लावून घड्याळ बघत बसते. अंगणातली माती बाटलीत घालायची, पाणी ओतायचं, हलवायचं आणि खिडकीत ठेवून द्यायची — खाली वाळू बसते म्हणे, तिच्यावर गाळ, वर चिकणमाती — आणि त्या बाटलीला कुणी हात लावला तर त्याची खैर नाही. एकदा तर फ्रिजमध्ये दुधाशेजारी नाल्याच्या पाण्याची बाटली! म्हणाली, झाकण घट्ट आहे बाबा. होतं, झाकण घट्टच होतं, पण तेव्हापासून मी चहा बिनदुधाचा पितो. जेवताना घास हातात आणि नजर वर तुळईकडं — बाबा, हिचं वजन कुठं जातं, माहितीय? मी म्हटलं, माझ्या डोक्यावर. लहानपणी माझी टेप घेऊन मांजराची मापं घ्यायची, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तर ही भेग. दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आली आणि माझ्या मशीनमागं तिला ही दिसली. आधी माझी हजेरी घेतली — इतकी वर्षं इथं बसता, एकदाही मागं वळून बघितलं नाही? मग भेगेवर ही काचेची पट्टी आडवी चिकटवली, एक टोक अलीकडं, एक पलीकडं. भिंत हलली की काच तडकणार. तडकली की लगेच फोन करा बाबा, असेन तिथून येते. असेन तिथून येते, ऐकलंत? माझ्या तापाला नव्हती आली — म्हणजे मीच कळवलं नव्हतं, तिची परीक्षा होती, जाऊ द्या ते.

मग काच तडकली. आपोआप. भिंतीनंच धीर सोडला असेल. — असं काय बघताय? लागली असेल कात्रीची मूठ, जागा किती अरुंद आहे बघा ना. पहिल्यांदा तर तिला काहीच झालं नाही, भलतीच दणकट काच, मग जरा हात उचलून — चहा घेणार का? बिनदुधाचा आहे.

बरं, तुमच्यापासून काय लपवायचं. घरात माणसं दोनच, ती आणि मी. ती हॉस्टेलवर गेली तेव्हापासून मशीन थांबवायचीच भीती वाटते मला. चालू असली की निदान घरात कुणी बोलतंय असं वाटतं. फोन केला, तर संध्याकाळच्या बसनं हजर! चपलाही न काढता भिंतीपाशी. काचेकडं धड बघितलंसुद्धा नाही. ही दोन टिंबं दिसतात ना, पेन्सिलीची, भेगेच्या दोन बाजूंना? ती तिनंच काढलेली, पहिली काच लावली तेव्हा. त्यांच्यामध्ये तिचं ते मोजायचं अवजार लावलं आणि नुसतं हं म्हणाली. मग माझ्या कात्रीकडं बघितलं. मग नवी काच लावली, म्हणाली, भिंतीवर जरा लक्ष ठेवायला हवं, आणि राहिली की चांगली रविवारपर्यंत! माझ्याशी भांडली, फ्रिजमध्ये बाटली ठेवली. मी एका शब्दानं कुरकुरलो नाही. पुढंही काच तडकली अधूनमधून. वाईट भिंत, दुसरं काय.

आता तिचं शेवटचं वर्ष. परवा म्हणाली, बाबा, भेग स्थिर आहे, बुजवून टाकू. झालं! भेग बुजली की तिला इकडं यायला कारण काय उरलं, सांगा बरं? नुसतं बापाचं तोंड बघायला कोण कशाला येईल? म्हणून म्हणतो, आज राहू द्या. तिला सांगा, सिमेंट मिळालं नाही. तुमचा रोज बुडू देणार नाही मी.

— काय? टिंबांचं काय? — बरं, भिंत हलली तर त्यांच्यातलं अंतर वाढणार. आणि नाही वाढलं तर? — मग हललीच नाही. काच फुटली तरी? — अस्सं.

म्हणजे पहिल्याच दिवशी... तरीच कात्रीकडं बघत होती. आणि मी तिच्यासमोर बसून भिंतीला नावं ठेवतोय! एक अक्षर बोलली नाही हो. लबाड कुठली.

— आता पिशवीतून काय काढताय? तिनं दिलंय? — सगळी भेग भरा, पण मशीनमागं वीतभर जागा तशीच सोडा, असं सांगितलंय तिनं? आणि या डब्यात काय? बघू. — काचा. — अहो, एक पट्टी लावायची तर अख्खा डबा भरून काचा कशाला...

लागा तुम्ही कामाला, मिस्त्री. खालपासून घ्या भरत. माझ्याकडं बघू नका, टाचणी टोचलीय जराशी. आणि ती कात्री उचलू नका तिथून. असू द्या भिंतीजवळच.