दोन सारख्या मुठी

जमलेल्या आप्तांनो, मोहल्ल्यातल्या मंडळींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेले आमच्या कामावरचे साहेब,

आज इथे उभं राहून बोलणं फार कठीण आहे. सुधाकरबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगायच्या, डोळे पुसायचे आणि खाली बसायचं, असं ठरवून आलो होतो. पण त्याच्या फोटोवर साहेबांच्या हातचा हार पाहिला आणि रडूच आटलं. आता फक्त राग येऊन राहिला आहे. माफ करा, मी रागानेच बोलणार.

सुधाकर आणि मी अणुवीज केंद्रात एकाच पाळीत होतो. दोघंही नागपूरचे. आमचं काम म्हणजे काय? समोर भिंतभर डायल, त्यात हलणारे काटे, आणि खाली काळ्या मुठी. एक मूठ अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मुख्य पंपाची. तिच्या बाजूलाच राखीव पंपाची. तोच रंग, तोच आकार. घंटा वाजली की डोळे काट्यांवर ठेवावे लागतात. खाली मुठीकडे बघत बसायला सवड कोणाला असते?

मग सुधाकरने काय केलं? त्याच्या भावाचं इथे नागपुरात, महाल भागात सायकलचं दुकान आहे. तिथून जुन्या ट्यूबची पट्टी आणली आणि मुख्य पंपाच्या मुठीला गुंडाळली. रबर लागलं की हात थांबायचा. सगळ्या पाळ्यांना त्याची सवय झाली. सगळ्यांना, साहेब!

पुढे मोठे पाहुणे येणार म्हणून रंगरंगोटी निघाली. साहेब पॅनेलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय पंक्चरचं दुकान आहे काय?" सुधाकर म्हणाला, "साहेब, दोन्ही मुठी सारख्या आहेत. हात चाचपून ओळखतो." साहेब हसले. रबर निघालं. मुठी चकाचक झाल्या. पाहुणे खूश होऊन गेले.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, राखीव पंप चाचणीसाठी चालवला होता. तो तापायला लागला. घंटा वाजली. तो बंद करायचा होता. सुधाकरचे डोळे काट्यावर, हात खाली गेला. गुळगुळीत मूठ लागली, म्हणजे राखीव पंपाचीच, ही हाताची सवय. त्याने फिरवली. बंद पडला तो मुख्य पंप. भट्टी आपोआप थांबली, जशी थांबायला पाहिजे तशीच. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मग आज हा हार कोणाच्या फोटोवर आहे?

चौकशीत त्याला विचारलं, तुमचं लक्ष कुठे होतं? तो म्हणाला, "काट्यावर, साहेब. तिथेच पाहिजे होतं." अहवालात काय आलं? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. रबराचा एक शब्द नाही. खाली सही साहेबांची.

त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तो सुट्टी टाकून घरी आला. त्याची माय इथे बसली आहे, विचारा तिला. दिवसभर उजव्या हाताकडे बघत बसे. ती म्हणे, "काहून गा, हाताले काय पाहून राहिला?" तो म्हणे, "काही नाही वं माय," आणि हात पांघरुणात घेई. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. म्हणू द्या. माणूस कशाने खचला ते आम्ही पाहिलं आहे.

आणि आता हे ऐका. सुधाकर स्टोअरमध्ये गेल्यावर वरून हुकूम आला आणि मुख्य पंपाला नवी मूठ बसली. लाल, चौकोनी, हाताला टोचणारी. मी रोज धरतो ती. म्हणजे साहेब, तुमाले समजलं होतं! मूठ बदलली, मग अहवाल काहून नाही बदलला? पोरगा जिवंत होता ना तेव्हा! एक शब्द सांगितला असता तर काय बिघडत होतं?

हे पाहा. हे ते रबर. कचऱ्यातून मी उचलून ठेवलं होतं. हे मी त्या हाराशेजारी ठेवतो.

आता आपण उभं राहू. सुधाकरसाठी शांत राहू. पण शांतता संपली की कोणी चपला शोधू नका. पहिले साहेब बोलतील, या मायच्या समोर. जास्त नको, एवढंच म्हणतील: "मुठी सारख्या होत्या. सुधाकरने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

उभे राहा सगळे. साहेब, तुम्हीपण.