पहिल्या बाकावरची आई

कानाच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर मायलेकी.

"आई, माझ्याकडे बघ. डॉक्टरांना सांग, तीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागावर होते म्हणून."

"सांगते. पण मला सगळं कळतं हो."

"ओठ बघून कळतं!"

"मग? मागांच्या खडखडाटात आम्ही बायका ओठांवरच बोलायचो. दोन लग्नं जुळवली तशी."

"म्हणून चर्चमध्ये पहिलाच बाक लागतो तुला!"

"फादरनी मिशा वाढवल्यात हल्ली. अर्धं प्रवचन मिशांतच जातं."

"आणि सगळ्यांचं गाणं संपलं तरी तू एकटी गात असतेस. मी चिमटा काढते तेव्हा थांबतेस."

"तू तर गातच नाहीस."

"गाते की! माझे ओठ हलताना दिसत नाहीत?"

"दिसतात ना. गाण्याचे शब्द नसतात ते."

"मग काय असतं?"

"'देवा, आईला ऐकू येऊ दे.' दर रविवारी तेच."

"...बोलली नाहीस कधी."

"दुसऱ्याची प्रार्थना अशी चोरून वाचू नये. पण म्हटलं, देव तरी एकटा काय काय करणार? म्हणून आले आज. डोळे पूस आणि ऊठ, काचेपलीकडून नर्स आपल्यालाच बोलावतेय."